टाच कशी आहे?

उस्तादांच्या पत्रात ख्यालीखुशाली कधी नसे. मी पुण्याला कॉलेजात आलो आणि त्यांचं पहिलं पोस्टकार्ड आलं, ते थेट 'टाच कशी आहे?' असंच सुरू झालं. पुढचं गुडघ्यापासून. हॉस्टेलवरची मुलं विचारायची, "तुझे काका डॉक्टर आहेत का रे?" मी नुसता हसायचो. घाटंजीतल्या एका टेलरने मला बॅले शिकवला, हे सांगायला जीभ वळत नसे.

हे टेलर म्हणजेच उस्ताद. तरुणपणी ते मुंबईत नाटकांचे कपडे शिवत. तिथे एका पारशी बाईंकडे बॅले शिकले. वडील आजारी पडले म्हणून परत आले आणि दुकान सांभाळू लागले. संध्याकाळी मशीन बाजूला सारून ते कपड्यांच्या खडूनं फरशीवर पावलं आखत. आम्ही शिकणारी पोरं खिडकीचा गज धरून त्यांवर उभे राहायचो. टाचा जुळलेल्या, पंजे बाहेर. आमच्या बंजारा तांड्यावर मी तसाच चालू लागलो, तेव्हा याडी, म्हणजे माझी आई, दुकानात येऊन भांडली. "उस्ताद, पोरगं बदकावानी चालून राह्यलं. याले पोरगी कोण देईन?"

"बदकाले पाण्यात पाहा ना बाई," उस्ताद म्हणाले. याडीला हसू आलं.

व्हिडिओ त्यांना चालत नसे. "मोबाइलात उडी दिसते, दम नाही दिसत. कुठं अडलं ते लिहून धाड, बेटा." मी लिहायचो. निबंधांपेक्षा त्या पत्रांनीच मला लिहायला शिकवलं असावं.

मग पुण्यात मी लावलेल्या बॅलेच्या क्लासमधल्या बाईंनी माझा हात धरला. कोपर फार वर आहे, ही जुनी सवय मोडली नाही तर वार्षिक कार्यक्रमात जागा नाही, म्हणाल्या. मी उस्तादांना विचारलं, कोणाचं ऐकू? उत्तर आलं : 'बाईचं. आता मले लिहू नको. नाही तर हात अर्धा माहा राहीन, अर्धा तिचा. असा कपडा कोणाच्याच अंगाले बसत नाही.'

मी ऐकलं, पत्रं लिहिणंच बंद केलं. आज्ञा पाळणं म्हणजेच मान राखणं, असं मला वाटे. त्यांनी शिकवणी थांबवली होती, विचारपूस नव्हे, हे उशिरा कळलं. कार्यक्रमात मात्र जागा मिळाली.

उन्हाळ्यात दुकानात गेलो. दोन-तीन मुली गज धरून उभ्या होत्या. "दाखव," उस्ताद म्हणाले. मी बाईंनी शिकवला तसा हात उचलला, कोपर खाली ठेवून. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि मुलींकडे वळले.

"आता माह्याकडे पाहू नका. याच्यावानी करा."

नका उस्ताद, असं मला म्हणायचं होतं. पण मुलींनी कोपरं खाली घेतलीही होती. आणि त्यांच्या मागे उभे राहून, माझ्याकडे बघत, उस्ताद आपलं कोपर हळूहळू खाली आणत होते.