बाबांनी मशीनला ‘हो’ म्हटलं

“बाई, तुले सुट्टी आहे का?” असा बाबांचा फोन आला की घरात काहीतरी बिघडलंय हे मी ओळखते. एरवी ते आधी पावसाचं, मग जावयाचं, मग भाजीच्या भावाचं विचारतात. या वेळी थेट सुट्टी. बिघडला होता त्यांचा गाणी ऐकायचा प्लेअर, काडेपेटीएवढा, बनियनच्या खिशात मावणारा. फोनवर का ऐकत नाही विचारलं, तर म्हणतात, “गाण्याच्या मधातच कोणाचा तरी फोन येते.”

बाकीची गाणी गेली तरी मला काही वाटलं नसतं. पण त्यात आईची गाणी होती. गेल्या हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं, आवाज बदलू शकतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं, तेव्हा मी त्याच डबीत तिची रोवण्याची गाणी भरून घेतली होती. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना बायका म्हणतात ती. गावातल्या शेतांच्या बांधीबांधीत आई पुढे म्हणायची आणि बाकीच्या तिच्या मागे. पण खुर्चीत बसवलं तर तिला एक ओळ आठवेना. शेवटी परसातल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात वाकली, गवत उपटायला लागली, आणि गाणी एकामागून एक यायला लागली. मी डबी धरून तिच्या मागेमागे. ऑपरेशन चांगलं झालं, आवाज मात्र घोगरा झाला तो झालाच. ती गाणी आता दुसरीकडे कुठेच नव्हती.

लॅपटॉप घेऊन नागपूरहून निघाले आणि सानगडीजवळच्या आमच्या गावी पोचले. चहा व्हायच्या आत प्लेअर जोडला, तर एरर. सिंक अर्धवट राहिलं आहे म्हणे.

“बाबा, हे कुठं जोडलं होतं?”

“चार्जिंगले. ऑनलाइन फारम भरते त्याच्या दुकानात.”

“मग?”

“मंग त्याच्या कॉम्प्युटरनं विचारलं, हे दुसऱ्या कॉम्प्युटरचं आहे, यातलं पुसून माह्यं भरू का?”

“आणि तुम्ही?”

“हो म्हटलं.”

“काहून पण?”

“एवढं अदबीनं विचारून राहिलं होतं, बाई. नाही कसं म्हणू?”

मी कपाळावर हात मारला. बाबा एसटीत कंडक्टर होते. गच्च भरलेल्या गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या कुणालाही ज्या माणसानं कधी नाही म्हटलं नाही, तो त्या स्क्रीनला काय नाही म्हणणार! नशीब, पुसणं चालू असतानाच दुकानातली लाइन गेली. घाबरून त्यांनी वायर उपटली आणि प्लेअर घरी आणून कपाटात ठेवला.

“तिले सांगू नको,” बाबा हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून माझा राग निम्मा उतरला.

ऑपरेशनपासून रोज दुपारी जेवण झालं की ते कानात वायरी घालून ओसरीवर बसायचे, डोळे मिटून. आई समोर तांदूळ निवडत असायची. “जिती बायको समोर बसली आहे, अन् म्हातारा डबीतलीचंच आयकते,” असं ती आल्यागेल्याला हसत सांगायची. मीही हसायचे. पण ऑपरेशननंतर ती घरात साधं गुणगुणलीही नव्हती. यंदा रोवण्याला ती शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून राहिली, गाणं दुसऱ्या बाईनं उचललं. हे मला शेजारणीकडून कळलं.

मी वायर बदलली. प्लेअर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तीच खिडकी वर आली, पुसून नव्याने भरू का? बाबा शेजारी बसून बघत होते. मी ती खिडकी बंद केली, प्लेअर पेनड्राइव्हसारखा उघडला आणि लपवलेल्या फाइली दाखव असं लॅपटॉपला सांगितलं. गाण्यांचा फोल्डर रिकामा होता. पण प्लेअरवरच केलेलं रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये होतं, आणि पुसणारा हात तिथवर पोचला नव्हता. सगळ्या फाइली आधी लॅपटॉपवर उतरवल्या, मगच एक लावली. आधी कोंबडा आरवला, मग माझं खोकणं, मग आई. बाबांनी तोंडावरून धोतराचा सोगा फिरवला.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबांनी सगळं सांगून टाकलं, प्लेअर लॅपटॉपवरून काढून त्यावर गाणं लावलं, वायरीचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं तिला दिलं. स्वतःचा जुना आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. कौतुक वगैरे नाही, कपाळाला आठ्या.

“चुकलं जी हे,” ती म्हणाली. “नणदेचं कडवं आधी येते, मंग भावाचं. म्या तवा घाई केली.”

आणि कसं येतं ते दाखवायला तिनं म्हणायलाच सुरुवात केली. घोगरं, वरच्या सुराशी अडखळत. कडवं कसंबसं संपलं आणि ती थांबली. “जाऊ द्या. आता नाही होत. तुमी तेच आयका.”

बाबांनी कानातली वायर काढली. प्लेअर चालूच होता, त्यातली आई बारीक आवाजात पुढे म्हणत होती. त्यांनी बटण दाबून ती बंद केली.

“नणदेचं झालं,” ते म्हणाले. “आता भावाचं म्हण.”