पाणी नसलेला महापूर

फोन आला तेव्हा मी पार्कात, अर्धवट बांधलेल्या जिन्यापाशी उभी होते. म्हशीला चढता येईल असा जिना हवा होता आणि गवंडी घरात असतात तशा पायऱ्या पाडून मोकळा झाला होता. त्याच्याशी माझा वाद चालला असताना फोनवर संदीपचं नाव दिसलं. मला वाटलं, त्याच्या आईनं, शालूअक्कानं, निरोप दिला असणार, मी आल्याशिवाय पुढं काही करू नका म्हणून. "मीनलमावशी, अक्का गेली," तो म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठं गेली?"

शालूअक्काच्या बाबतीत कुणीही हेच विचारलं असतं. ती कायम कुठंतरी गेलेलीच असायची. कधी इचलकरंजीला, कधी बिद्रीला, कधी सीमेवरच्या एखाद्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर. त्या सकाळी मात्र ती शिवाजी पेठेतल्या आपल्या घरीच होती. पार्कात यायला निघाली होती. आरशापुढं वेणी घालता घालता छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. संदीप हे सगळं सांगत होता आणि मी गवंड्याकडं बघून मान हलवत होते. त्याला वाटलं, पायऱ्या पास झाल्या. तो पुढच्या कामाला लागला.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शालन मगदूम हिनं आयुष्यभर पेठेत बालवाडी चालवली. गारगोटी रस्त्यावर आमचं पार्क आहे, म्हणजे पाण्याच्या घसरगुंड्या, पाळणे, तुडुंब गर्दी... त्याचे मालक मोहनराव हे तिच्या बालवाडीतले विद्यार्थी. त्यांच्या मनात आलं, की नुसत्या घसरगुंड्या आता सगळीकडं झाल्यात, आपण गोष्टींचे विभाग करू. आत शिरलं की माणूस थेट गोष्टीतच शिरला पाहिजे. मी वास्तुरचनाकार, मूळची साताऱ्याची. नकाशे माझ्याकडं आले. आणि गोष्टी कोणत्या घ्यायच्या हे ठरवायला मोहनरावांनी आपल्या बाईंना बोलावलं. भल्याभल्यांना शब्द जपून वापरायला लावणाऱ्या त्या मालकाला भर बैठकीत "मोहन, आधी ऐकून घे की रे" म्हणणारं माणूस सबंध जिल्ह्यात एकच होतं.

पहिल्या बैठकीत यादी तयारच होती. डायनासोर, समुद्री चाचे, अंतराळ, भुताचा किल्ला. अक्का खुर्चीत बसली नाही. ती खिडकीपर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. शेवटी म्हणाली, "ह्यातलं वाईट काय बी न्हाय. पण हे सगळं कुठंबी मिळतंय. कोल्हापुरात येऊन पोरानं चाच्याच्या जहाजात कशाला बसायचं?" कुणीतरी म्हणालं, मग राजाची लढाई घेऊ. त्यावर ती म्हणाली, "लढाईत पोरगं काय करणार? बघत हुबं ऱ्हाणार. बघायला टीव्ही हाय की घरात."

तिची निवडीची रीत तिची स्वतःची होती. गोष्ट ऐकायची, घरी आणायची आणि दुपारी गल्लीतल्या पोरांना सांगायची. पोरं गप्प बसून ऐकतात का, याला ती काडीची किंमत देत नसे. "मी सांगतो म्हटल्यावर ऐकत्यातच ती," असं म्हणायची. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती स्वतःबद्दल 'येतो, जातो, सांगतो' असंच बोलायची. मग पुढचे काही दिवस ती गल्लीत नुसती घिरट्या घालायची. पोरांनी त्या गोष्टीचा आपणहून खेळ केला तर गोष्ट पास. नाही केला तर नापास, मग ती कितीही गोड असो. तिनं उभ्या आयुष्यात हजारदा सांगितलेली, तिची सर्वांत लाडकी पोपटाची गोष्ट याच परीक्षेत नापास झाली. त्या दिवशी ती फार चिडचिडी होती. चहा अर्धाच टाकून उठली. पण यादीतून ते नाव तिनं स्वतःच्या हातानं खोडलं.

पहिला विभाग झाला तो इचलकरंजीचा. मागाच्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आईशी खाणाखुणांनी बोलणाऱ्या एका विणकराच्या मुलीची गोष्ट होती ती. आम्ही प्रचंड माग उभारला, त्याचा आवाज तसाच ठेवला आणि आत गेलेल्या माणसांना हातवारे करूनच वाट शोधायला लावली. एरवी एकमेकांशी धड न बोलणारी घरंच्या घरं तिथं हात नाचवत हसत बाहेर पडायची. मोहनराव खूश झाले. म्हणाले, "बाई, आता दुसरा. आणि ह्या खेपेला पाण्याचा. एवढं पाणी हाय आपल्याकडं. महापूर करू. बोटी, लाटा, वरनं पाऊस..."

अक्का चालता चालता थांबली. मी तिला तशी थांबलेली फारशी पाहिली नव्हती.

त्यानंतरचे कितीतरी दिवस तिला चैन नव्हतं. सकाळी उठल्याउठल्या फोन करायची. "मीनल, ज्येच्या घरात पाणी शिरलं त्यो माणूस आपल्या बोटीत बसंल का गं? का आपण लोकांच्या दुःखाला तिकीट लावणार?" मी काहीतरी उत्तर द्यायची, ते तिला पटायचं नाही. ते मलाही पटलेलं नसायचं. मोहनरावांना सरळ नाही म्हणायचं तरी तिला जमेना. पुराचं कुणी बोलायचंच नाही, हेही तिला खुपत होतं. शेवटी म्हणाली, "हितं बसून न्हाय कळायचं. ज्येंनी बघितलाय त्येंनाच इचारू." आणि आम्ही दोघी एसटीनं शिरोळकडच्या एका नदीकाठच्या गावाला गेलो.

तिथं गंगव्वा आजी भेटली. वय झालेलं, पाठ ताठ, बोलणं खणखणीत. त्या बाजूला घराघरात कानडी आणि मराठी एकत्रच नांदतात. तिनं अक्काला पहिल्या भेटीतच 'तंगी' केली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. आणि तिनं आम्हांला चंद्रीची गोष्ट सांगितली.

चंद्री म्हणजे तिची म्हैस. मोठ्या पुरात पाणी गल्लीत शिरलं, बोटी आल्या, पण बोटीत जनावराला जागा नव्हती. चंद्री गाभण. गंगव्वा आणि तिच्या मुलानं तिला ढकलत, ओढत, शिव्या देत जिन्यावरून गच्चीवर नेलं. मुलगा बायकापोरांना घेऊन बोटीनं गेला. गंगव्वा म्हणाली, मी हितंच. चहूकडं पाणी, वर म्हातारी आणि म्हैस. चंद्री त्या गच्चीवरच व्यायली. पाणी ओसरलं, माणसं परत आली, घराघरात चिखल. आणि चंद्री काही केल्या खाली उतरेना. म्हैस जिना चढते, पण खाली बघून उतरायला घाबरते. कुणी उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाडं दाखवलं, कुणी गूळ. कुणी पायऱ्यांवर पोती अंथरली, कुणी तिचे डोळे बांधले. आपापल्या घरातला चिखल तसाच टाकून अख्खी गल्ली त्या जिन्यापाशी जमली. शेवटी गंगव्वानं रेडकू छातीशी धरलं आणि ती खाली उतरायला लागली. मागून चंद्री, हंबरत, एकेक पायरी...

"तवा गल्ली पयल्यांदा हसली," गंगव्वा म्हणाली.

अक्काचे डोळे चमकत होते. आणायला आलो होतो ते सापडलं होतं. तिनं आजीला सरळ विचारलं, ही गोष्ट आम्ही पार्कात करू का? पोरं म्हशीला वर चढवतील, मग खाली उतरवतील. आजी म्हणाली, "करा की. पर पाणी दावायचं न्हाई."

"का हो?"

"त्या पाण्यात माजी जाऊ गेली. म्हस दावा, रेडकू दावा, मी बी हसंन. पाण्याचा खेळ नगं, तंगी."

अक्कानं तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "न्हाय दावणार. शब्द देतो."

परतीच्या वाटेवर ती एसटीतही बसली नाही. जागा असून दांडीला धरून उभी होती. "पाण्याच्या पार्कात पाणी नसलेला महापूर!" एवढंच पुटपुटली आणि स्वतःशी हसली. गल्लीतल्या पोरांना गोष्ट सांगितली तर दुसऱ्याच दिवशी एका पोराच्या अंगावर घोंगडं टाकून बाकीची पोरं त्याला तालमीच्या पायऱ्यांवरून ढकलत होती. तिनं मला तिथूनच फोन लावला. आरडाओरडा इतका होता, की तिचं बोलणं मला अर्धंच कळलं.

मोहनरावांना म्हैस आवडली. पाणी नाही हे मात्र त्यांना पचेना. "बाई, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू देत की. हसायलाच येत्यात." त्यांनी कामाला परवानगी दिली, पण पाण्याबद्दल ना हो म्हटलं, ना नाही. ते तसंच लोंबकळत राहिलं आणि अक्का गेली.

तिच्या दिवसकार्यानंतर मी पार्कात गेले तर जिन्याच्या कडेनं पाइप आणून टाकलेले. मी मोहनरावांना गाठलं. म्हटलं, अक्कानं शब्द दिलाय. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "शब्द बाईंनी दिलता, पार्कनं न्हाय. आणि पाणी किती? गुडघ्याएवढं." त्यांचेही डोळे सुजलेले होते. दुष्टपणानं बोलत नव्हते ते. धंद्यातला माणूस, त्याला खरोखरच वाटत होतं की पाण्याशिवाय कुणी येणार नाही. मला अक्कासारखं भांडता येत नाही. मी घरी आले, पण कुठल्याच कामात जीव लागेना. नकाशा उलगडायचा, मिटायचा. तिसऱ्या दिवशी मी एकटीच शिरोळच्या एसटीत बसले. काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. निदान आजीला अक्काची बातमी तरी कळायला हवी होती.

मला एकटीला पाहून गंगव्वानं विचारलं, "तंगी न्हाई आली?" मी सांगितलं. हातातला तांब्या तिनं खाली ठेवला, पुन्हा उचलला, गोठ्यात जाऊन आली. "माज्यापेक्षा ल्हान हुती की गं," म्हणाली. मग मी पाइपांचं सांगितलं. ते सांगताना मला तिच्याकडं बघवत नव्हतं. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं नेसूचं लुगडं बदलून बाहेर आली आणि म्हणाली, "चल. कुटं हाय त्यो मालक?"

मोहनरावांनी तिचं मनापासून स्वागत केलं. खुर्ची मागवली, चहा मागवला. तिला जिना दाखवला, गच्ची दाखवली, लाकडी म्हशीला हात लावू दिला. पाइपही दाखवले. समजावून सांगितलं, "आजी, भ्यायचं काय बी कारण न्हाय. पोरांच्या गुडघ्याएवढंच पाणी असंल."

गंगव्वा पाइपांकडं बघत होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "पावणं, माजी जाऊ बी तेच म्हनली हुती. गुडघ्याएवढंच हाय, म्हनली, आन् दावणीचं वासरू सोडाय उतरली."

चहा आला, तो तसाच राहिला. मोहनराव म्हणाले, "आजी, तुमास्नी गाडीनं सोडतो," आणि स्वतः गाडी चालवत तिला गावापर्यंत सोडून आले. वाटेत त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पाइप तिथं नव्हते. जिन्याच्या पायऱ्याही त्यांनी फोडून, म्हशीच्या पावलाला बसतील अशा रुंद करायला सांगितल्या.

गेल्या आठवड्यात तो विभाग सुरू झाला. लोक आले, गंगव्वा आजीही आली. पोरांनी म्हशीला ढकलून वर नेलं. उतरवताना गूळ, वाडं, पोती, सगळं करून बघितलं आणि अखेर एका मुलीला रेडकाची युक्ती सुचली. तेव्हा जो गलका झाला, तो ऐकून मला तिथं उभं राहवेना. मी बाजूला गेले. पाणी कुठं आहे, असं कुणीही विचारलं नाही.

गर्दी ओसरल्यावर गंगव्वा आजी माझा हात धरून हळूहळू गच्चीवर चढली. लाकडी चंद्रीच्या पाठीवरून तिनं हात फिरवला. मग कठड्याला धरून एका बाजूला पाहिलं, दुसऱ्या बाजूला गेली, तिथूनही पाहिलं. चारही बाजूंना. खाली वाळलेली माती होती, पोरांच्या चपला होत्या, लांबवर उसाचे फड. ती पुष्कळ वेळ बघत राहिली. आजवर तिच्या गच्चीवरून तिला काय दिसत आलं असेल, ते मला त्या घटकेला थोडंफार कळलं.

"कुटंबी पाणी न्हाई," ती म्हणाली. आणि कठड्यावरचे हात सोडून, पदर सावरत, तिथंच ऐसपैस खाली बसली.