तरीवाल्या परशुरामाचा पूल

डोंबिवलीच्या खाडीकाठी परशुराम तरीवाल्याचा सत्कार झाला, तेव्हा त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि त्याची होडी गेली. उभा जन्म त्यानं लोकांना अल्याडून पल्याड नेलं होतं. होडीत पाय ठेवणाऱ्याला तो एकच विचारायचा, कुठं उतरणार? पल्याडला दोन धक्के होते, आणि भलत्याच धक्क्यावर उतरलेल्या माणसाचं स्वागत गुडघाभर चिखल करायचा.

अशा या माणसानं खाडीवर पूल व्हावा म्हणून मोर्चे काढले, उपोषणं केली. स्वतःच्या पोटावर पाय देण्याचं काम इतक्या निष्ठेनं कुणी केलेलं गावानं पाहिलं नव्हतं. कारण मात्र साधं होतं. पल्याडच्या गावात त्याची धाकटी बहीण रखमाबाई दिली होती. पावसाळ्यात होडी बंद पडली की तिच्याकडे कल्याण-भिवंडीचा वळसा घालून जावं लागे, आणि तेवढ्या वळशात सख्खी बहीण चुलत वाटायला लागे.

शेवटी पूल झाला. उद्घाटनाला एक वक्ता म्हणाला, डोंबिवली नाशिकला जोडली गेली. दुसऱ्यानं ती गुजरातला जोडली. तिसऱ्यानं भाषणाच्या भरात दिल्लीही जोडून घेतली. हे सगळं चालू असताना रखमाबाईनं भावाला हळूच विचारलं, "दादा, यो आमचे गावान कवा उतरल?" पूल तिच्या घरावरून, तिच्या वाळत घातलेल्या बोंबलांवरून जाऊन थेट महामार्गाला लागला होता. "दुसऱ्या टप्प्यान," परशुराम शाल सावरत म्हणाला. हा शब्द त्याला त्याच दिवशी व्यासपीठावर मिळाला होता, आणि शालीइतकाच तो त्याला उबदार वाटला.

होडीचं काय करायचं, हा प्रश्न त्याच्या मुलानं, दिपेशनं सोडवला. त्यांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकाशी ती ठेवली. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पाडली, आत माती भरून बोगनवेल लावली. पाण्यावर तरंगण्यासाठी बनवलेल्या वस्तूतून पाणी बाहेर जायची सोय झाली. नव्या रहिवाशांना खाडीकाठी राहत असल्याचा पुरावा हवाच होता. ते होडीपुढे उभे राहून फोटो काढत, आणि परशुराम कौतुकानं बाजूला सरकत असे.

मग रखमाबाईच्या मुलीचं, दर्शनाचं लग्न ठरलं. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानंच. परशुराम एकुलता एक मामा. हळदीला बापलेक भरदुपारी गेले, रस्ता रिकामा होता, महामार्गावरून वळून झटक्यात पोचले. त्यामुळे दिपेशचा भरवसा इतका वाढला की हळद आटोपताच तो बापाला घेऊन घरी परतला. मामाची गाडी लग्नाला धुतलेली दिसायला हवी होती.

लग्नाचा मुहूर्त गोरज. दिपेशनं चकचकीत गाडी पुलावर घातली आणि ती मध्यावर जाऊन थांबली. पुढे महामार्गाच्या तोंडाशी एक कंटेनर आडवा झाला होता. मागे गाड्यांची रांग लागली. दिल्लीपर्यंत जोडलेला पूल आता कुणालाच कुठं नेत नव्हता. मुहूर्त जवळ आला तसा परशुराम गाडीतून उतरला, चालत पुढे गेला आणि कठड्याला टेकला. बरोबर खाली रखमाबाईचा मांडव होता. वाजंत्री ऐकू येत होती, पंगतीची पातेली दिसत होती. हात पुरला असता तर त्यानं भाचीच्या डोक्यावर ठेवला असता. उतरायला मात्र साधी शिडीही नव्हती, आणि महामार्ग गाठून चालत वळसा घालायचा तर मुहूर्त टळला असता.

फोन वाजला. रखमाबाई होती.

"दादा, कुटं हाईस? भटजी थांबाला तयार नाय."

"तुज्या डोक्याव हाय," तो म्हणाला.

ती मांडवाबाहेर आली. मान वर करून तिनं पाहिलं. परशुरामाला वाटलं, आता ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तितंच उबा रा," ती म्हणाली. "मामा पोरीचे मांगं उबा रवतं. तू वर रा."

दर्शनाला शेजारच्या कुणीतरी बोहल्यावर आणलं. कर्ण्यातून मंगलाष्टकं सुरू झाली. परशुरामानं खिशातल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि प्रत्येक 'सावधान'ला खाली टाकल्या. वारा खाडीचा होता, त्यानं त्या खाडीत नेल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

तेवढ्यात वाहतूक पोलीस आला. "काका, पुलावर थांबायला बंदी आहे. कुठं उतरणार?"

परशुरामानं त्याच्याकडे पाहिलं. हे त्यानं जन्मभर विचारलं होतं, भिकाऱ्याला आणि सावकारालाही. पुलालाच तेवढं विचारायचं राहिलं होतं. त्यानं बोट खाली दाखवलं.

पोलिसानं वाकून पाहिलं. खाली लोक जेवायला बसायला लागले होते. मांडवाबाहेर एकटी रखमाबाई अजून मान वर करून उभी होती.