आबांच्या घड्याळाला दोन थेंब

घड्याळाला शिवणाच्या मशीनचं तेल चालत नाही. हे ज्ञान मी साडेसातशे रुपये मोजून मिळवलेलं आहे, इथे फुकट देते आहे.

सत्त्याण्णव साल. आम्ही नाशिक रोडला, जेल रोडच्या एका कॉलनीत राहत होतो. सासरे, म्हणजे आबा, नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांच्या मनगटावर त्यांच्या लग्नातलं किल्लीचं घड्याळ. अंघोळीपुरतं काढलं तरी देवघरात ठेवायचे (देवांच्या एक पायरी वर!). मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी ते माझ्या हातात दिलं. सख्खा मुलगा शेजारी उभा असताना!

"सुनंदा, रोज सकाळी आठला किल्ली. वीस फेरे. एकविसावा नाही."

"बरं, आबा."

"चाळीस वर्षांत यावर एक पैसा खर्च केलेला नाही मी. तुझ्या मिक्सरसारखं नाही ते, उठसूट दुरुस्तीला!"

दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, की घड्याळ चार मिनिटं मागे पडतंय. मी स्वस्थ बसणारी बाई नाही. नुकतंच शिवणाच्या मशीनला तेल घातलं होतं, कुपीत थोडं उरलं होतं. मशीन अडखळलं की तेल घालतात. मग घड्याळाला काय तूप घालायचं? भाजीच्या सुरीने मागचं झाकण उचकटलं, दोन थेंब सोडले, झाकण दाबून बसवलं. पाच मिनिटांचं काम!

घड्याळ पळायला लागलं. तासाभरात वीस मिनिटं पुढे! दुपारी मी जेवायला बसले तेव्हा आबांच्या घड्याळात चहाची वेळ झाली होती.

आमच्या ह्यांनी संध्याकाळी ते कानाला लावलं.

"काय केलंस?"

"तेल घातलं."

"आबांनी मला आजवर हात लावू दिलेला नाही याला!"

"म्हणून तर मागे पडत होतं."

"परवा सकाळी ते घरी येतायत. कोण सांगणार त्यांना?"

"वडील कुणाचे?"

स्टेशनजवळ एका जिन्याखाली घड्याळवाले काका बसत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी दूध नासवणाऱ्याकडे बघते.

"ताई, यात केसाएवढी स्प्रिंग असते. तेलाने तिचे वेढे एकमेकांना चिकटलेत. सगळं सुटं करून धुवावं लागेल. साडेसातशे."

"साडेसातशे? सेलचं नवं घड्याळ दीडशेत मिळतं!"

"मग ते घ्या."

मी निघून गेल्यासारखं केलं. भाजीबाजारात दुसऱ्या पावलाला हाक येते. इथे मी रिक्षा स्टँडपर्यंत पोचले तरी नाही! मुकाट्याने परत आले.

"तेल तेवढं टिपून घ्या. दोनशे देते."

"भजं आहे का ताई, कागदावर निथळायला?" त्यांनी झाकण उलटं केलं. "प्रेसवाल्या आबांचं ना हे?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणात आम्ही तारीख कोरतो. ह्या बघा, अकरा आहेत. शेवटच्या सात माझ्या हातच्या."

एक पैसा खर्च नाही! अकरा वेळा! माझा मिक्सर तर तीनदाच गेला होता. मी हसतहसत साडेसातशे मोजले. असं हत्यार त्या किमतीत स्वस्तच!

आबा यायच्या दिवशीच सकाळी दहाला घड्याळ मिळणार होतं. आबा साडेनऊलाच घरी आले, एका डोळ्याला पट्टी. हे स्कूटर काढून स्टेशनकडे पळाले.

"सुनंदा, घड्याळ आण."

"आधी चहा घ्या." चहा झाला. शिरा झाला.

"घड्याळ?"

"डोळ्यात औषध घालते आधी."

"पट्टी आहे गं त्यावर."

"मग दुसऱ्या डोळ्यात घालते!"

"त्याला काय झालंय?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून ह्यांचा हात आत आला. हातात घड्याळ! मी ते पदराला पुसून आबांना दिलं. त्यांनी ते कानाला लावलं. बराच वेळ लावलं. हे आत येऊन पंख्याकडे बघत उभे राहिले.

"आवाज वेगळा येतोय. उघडलं होतंस का?"

अकरा तारखा माझ्या जिभेच्या टोकावर होत्या. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तारखा सांगायच्या, तर झाकण कुणी उघडलं तेही सांगावं लागणार! साडेसातशेचं हत्यार मी गिळून टाकलं.

"मी आपली वीस फेरे देत होते, आबा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओवरच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नाही! "सुनंदा, तुझ्या हाताला गुण आहे!" बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी शेजारचे भामरे भाऊजी, एकलहऱ्याला वीज केंद्रात असतात ते, वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन दारात.

"वहिनी, आबा म्हणाले, तुम्ही नुसती किल्ली दिलीत तरी चालेल."

"देईल की! ठेवून जा दोन दिवस," आबा खुर्चीतून म्हणाले.

दुपारी पर्स घेऊन मी पुन्हा जिन्याखाली. काकांनी भिंग खाली केलं.

"आता काय झालं, ताई?"

"काही नाही," मी घड्याळ पुढे सरकवलं. "माझ्या हाताला गुण आहे. त्याचे किती होतील, तेवढं सांगा."