चौऱ्याण्णव किलोंचा नवस

अकरा वर्षांत मी माझं एक कर्ज अडतीस किलोंनी वाढवलं, आणि तेही कुणाकडून एक पैसा न घेता.

बाकीची कर्जं मी मस्कतहून कायमचा परत आल्यावर एका सकाळीच फेडून टाकली. आमच्या फुलपाड्यातल्या वाण्याची उधारी, शिंप्याचे दोन पँटींच्या शिलाईचे पैसे (त्यातली एक पँट आता गुडघ्याच्या वर यायलाच तयार नाही), आणि जाताना मित्राकडून, म्हणजे बबनकडून घेतलेले तिकिटाचे पैसे. तिकडे मी एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. आलं-गेलं चोख ठेवणं माझ्या रक्तातच आहे! दुपारी घरी येऊन मी सोफ्यावर अंग टाकलं आणि जाहीर केलं, "संपलं! आता सुधीर या जगात कुणाचं काही लागत नाही!"

"एक राहिलंय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कुणाचं?"

"देवीचं."

झालं होतं असं. मी मस्कतला गेलो त्या पहिल्याच वर्षी कंपनी बुडाली, पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकला, फोन बंद पडला आणि दोन महिने माझा ठावठिकाणा कुणाला नव्हता. तेव्हा आईनं आमच्या गल्लीतल्या देवीला नवस बोलला होता, 'पोरगं कायमचं सुखरूप घरी येऊ दे, त्याला पेढ्यांनी तोलीन.' पुढं माझा फोन आला, दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि ते 'कायमचं' अकरा वर्षं लांबलं. नवस बोलला तेव्हा मी छप्पन्न किलोंचा होतो. वारा सुटला की माझी बायको सुनीता माझा हात धरून चालायची. परत आलो तो चौऱ्याण्णव किलोंचा! आता वारा सुटला की ती माझ्या आडोशाला उभी राहते.

"फेडू की, त्यात काय! दिवाळीनंतर बघू," मी म्हणालो.

"दिवाळीनंतर?" सुनीता कडाडली. "आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. किती खटपटीनं तारीख मिळालीय! आणि त्या म्हणतात, नवस फिटल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही."

"नाहीच झोपणार," आई भिंत धरत धरत बाहेर आली. "देवीचं देणं अंगावर ठेवून भूल घेऊ? आणि उठलेच नाही तर? वर जाऊन तिला काय तोंड दाखवू?"

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. आई दोन वर्षं खाली उतरली नव्हती, लग्नाकार्यालाही नाही. तेव्हा आता थट्टेची वेळ नव्हती. मी तडक देवळात गेलो आणि पुजारीकाकांसमोर माझा मुद्दा ठेवला. (मस्कतला ऑडिटवाले माझ्या मुद्द्यांना टरकून असायचे.)

"काका, नवस बोलला त्या दिवशीचं वजन धरायचं. छप्पन्न!"

"म्हणजे मुद्दल भरणार आणि व्याज बुडवणार?"

"देवी व्याज घेते?"

"देवीनं कुठं मागितलंय? तुम्हीच वाढवून आणलंय!"

खालच्या मजल्यावरच्या फिलोमिना मावशी फुलवाल्याशी बोलत तिथंच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे सुधीर, तेव्हा मीपण तुझ्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती बोलले होते, तुझ्या उंचीएवढी. तू फोन केलास त्याच रविवारी लावून मोकळी झाले. तुझी आई चुकली बघ. माणूस उंचीत नाही वाढत!"

मुद्दा फेटाळला गेला. पण मी डगमगणारा माणूस नाही. पुजारीकाकांनी तोलायला जो रविवार दिला, त्याला अजून वीस दिवस होते. तिथून थेट मिठाईवाल्याकडे गेलो आणि ऑर्डर दिली, शहाऐंशी किलो.

"साहेब, वजन किती आहे तुमचं?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आज चौऱ्याण्णव. पण त्या रविवारी शहाऐंशी असेल."

"चार-पाच किलो जास्तीचे ठेवू?"

"एक पेढा जास्त नको! मला माझं वजन माहीत आहे!"

दुसऱ्या दिवसापासून पहाटे धरणापर्यंत चालणं, दुपारी काकडी आणि रात्री एक भाकरी. पहिल्याच रात्री भाकरी उचलली तर खाली आणखी एक.

"आई, हे काय?"

"भाकरी."

"आणि हिच्याखाली?"

"बोंबील. तळलेत. गपचूप खा."

"अगं, मी वजन उतरवतोय!"

"नवस स्वस्तात पडावा म्हणून पोराला उपाशी मारू? देवीला काय, वाळवून दाखवू तुला?"

हे रोज चाललं. ताटात मोड आलेले मूग दिसायचे आणि त्यांच्या तळाशी तूप. आईसमोर ताट परत करायची माझ्यात हिंमत नव्हती. (खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.) मात्र वजनकाट्यावर मी एकदाही उभा राहिलो नाही. त्यानं आत्मविश्वास जातो.

मग तराजूची भानगड. बबनचं जवळच वालीवला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. तो म्हणाला, "इलेक्ट्रॉनिक काटा आणतो, दोन मिनिटांत काम." आई म्हणाली, "आकडा नको. पारडं वर गेलेलं दिसलं पाहिजे." म्हणून बबननं लोखंडी पाइप, साखळ्या आणि दोन फळ्या लावून स्वतः तराजू बनवला. "किती वजनाचा करू?" त्यानं फोनवर विचारलं होतं. मी ठणकावून सांगितलं, "शहाऐंशी."

रविवारी सकाळी देवळाच्या मांडवात अख्खी गल्ली जमली. आईला चौघांनी खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं होतं. मी नवा सदरा घालून ऐटीत पारड्यात बसलो. समोरच्या पारड्यात खोकी चढू लागली. दहा किलो, वीस, चाळीस, साठ. लोक मोठ्यानं मोजत होते. ऐंशी! पंच्याऐंशी! शहाऐंशी!

मी जमिनीवरच.

"तराजू आखडला असेल जरा," मी म्हणालो. "तेल घाला कडीला!"

तेल घातलं. मी जमिनीवरच.

"खिसे रिकामे करा," पुजारीकाका म्हणाले. मोबाईल गेला, पाकीट गेलं, किल्ल्या गेल्या. मग घड्याळ. मग पट्टा. मग सुनीतानं पुढं होऊन सगळ्यांदेखत माझा सदरा काढून घेतला. बनियनवर, एका हातानं पँट धरून, मी देवीसमोर बसलो होतो आणि पारडं तसूभर हललं नव्हतं.

"किती सांगितलं होतंस वजन?" आईनं विचारलं.

मी देवीकडे बघत राहिलो.

"मी उतरतो, दुकानातून आणखी..."

"खबरदार!" पुजारीकाका ओरडले. "बसल्यावर तोल झाल्याशिवाय उठायचं नाही. नवस मोडेल!"

आईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "असू दे. मग ऑपरेशन नको. माझे गुडघे आहेत तसे बरे आहेत." माझ्या फुशारकीपायी हिनं जन्मभर भिंत धरून चालायचं?

"अहो, दुकानातून आणा ना कुणीतरी!" मी बसल्या जागेवरून ओरडलो.

"कुठून आणू साहेब?" मिठाईवाला गर्दीतूनच म्हणाला. "दुकानातले सगळे पेढे तुमच्या समोर ठेवलेत!"

तेवढ्यात वर कर्रर्र असा आवाज आला. बबन पांढराफटक पडला. "सुध्या, हलू नको! पाइप वाकतोय! मी नव्वदच्या हिशेबानं केलाय रे!"

"अरे, दहावीचा निकाल परवाच लागला ना?" फिलोमिना मावशी म्हणाल्या. "प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये पेढे आहेत. बघत काय बसलात? आणा!"

गल्ली पांगली आणि पाच मिनिटांत परतली. कुणी अर्धा किलो, कुणी पाव, कुणी चार पेढे उरलेला पुडा. एका काकूंनी तर जाहीर केलं, "आमच्या सोनूला फक्त बेचाळीस टक्के मिळाले, पण पेढे चांगले आहेत हो!" खोक्यावर खोकं चढलं. माझी टाच सुटली. शेवटी मावशींनी धापा टाकत आपला डबा वर ठेवला आणि मी वीतभर हवेत उचलला गेलो!

"फिटला!" पुजारीकाका ओरडले. घंटा वाजली, टाळ्या पडल्या.

आई खुर्चीतच हात जोडून रडत होती. "दोन महिने फोन वाजला की उचलायला भ्यायचे रे मी," ती म्हणाली. "वाटायचं, कोण काय सांगतंय." अकरा वर्षांत हे ती मला एकदाही बोलली नव्हती. मला रडू आलं. काहीतरी चांगलं बोलायला मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी पाइप मोडला. मी खाली, तराजू माझ्यावर आणि त्यावर दहावीचा निकाल.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं आणि उत्तम झालं. दोन महिन्यांनी तपासणीला जाताना आई काठीशिवाय जिने उतरून माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली. डॉक्टर तिचे गुडघे बघून खूश झाले. मग मी खुर्चीतून दोन्ही हात टेकून उठलो, ते त्यांनी बघितलं. म्हणाले, "वजन उतरवा. नाहीतर पुढचा नंबर तुमच्या गुडघ्यांचा."

परत येताना रिक्षात आईचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते.

"आई! काय पुटपुटतेस? नवस नाही ना बोललीस?"

"बोलले. तुझे गुडघे धड राहू देत म्हणून. ओरडू नकोस! पेढ्यांनी तुला केवढा खर्च झाला, कळतं मला. म्हणून या वेळी अगदी हलकी वस्तू बोललेय."

"कसली?"

"मोगऱ्याची फुलं. तुला तोलायला."

शेजारी बसलेल्या सुनीतानं मोबाईलवर मोगऱ्याचा किलोचा भाव शोधला आणि माझ्यासमोर धरला. मी रिक्षा थांबवली, खाली उतरलो आणि थेट फुलपाड्यातल्या घरापर्यंत पळत सुटलो.