निळ्या काठाची डिश

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातल्या एका लहानशा गावाचा पोलीसपाटील अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये, आमच्या शेजारच्या घरात राहत होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्या गावाला याचा पत्ता नव्हता, एवढाच काय तो फरक. पाटील मूळचे नागपूरचे. माझ्या शेजारणीचे सासरे, सत्तरीला टेकलेले, ताठ कण्याचे, आणि आपण म्हणू ते बरोबरच असणार याबद्दल कसलीही शंका नसलेले. मी त्यांना काका म्हणायची. ते मला 'पुणेकर' म्हणायचे, आणि तो शब्द त्यांच्या तोंडी कधीच कौतुकाचा नव्हता.

मी रेडमंडला राहायला आले तेव्हा पहिल्याच भेटीत काका म्हणाले, "आमच्या गावात बाजार मंगळवारी." मी मान डोलावली. पुढच्या भेटीत त्यांनी आमच्या गावातल्या कसायाचा स्वभाव सांगितला, मग गावाबाहेरच्या ओढ्यावरचा दगडी पूल आणि पुलाखालची बदकं. विदर्भात असेल असं काही, असं मी समजत होते. नागपूरकडचा भूगोल आपल्याला कुठे येतो? दोन महिन्यांनी बोलता बोलता त्यांनी गावातल्या चर्चच्या घड्याळाचा विषय काढला, तेव्हा माझी ट्यूब पेटली. चाळीस वर्षांपूर्वी नागपूरच्या गिरणीनं काकांना नवे माग शिकून यायला यॉर्कशरच्या त्या गावी पाठवलं होतं. अख्ख्या आयुष्यातले अठरा महिने. नागपूरबद्दल विचारलं तर मात्र, "नागपूर काय, आहे आपलं तिथंच," एवढंच म्हणायचे.

मुलानं घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यांना एक वेबसाइट सापडली होती. तिच्यावर इंग्लंडमधल्या गावोगावचे जुने फोटो असत, आणि प्रत्येक फोटोखाली कुणी ना कुणी आपली आठवण लिहिलेली असे. या पुलावरून आम्ही शाळेत जायचो, या दुकानात माझी आत्या कामाला होती, अशा साध्यासुध्या आठवणी. काका सकाळी आंघोळ-पूजा आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या साइटसमोर बसत. इतके नीटनेटके कपडे घालून मी कधी ऑफिसला गेले नाही. मग एका बोटानं टाइप करत दुरुस्त्या सुरू. हा रस्ता चर्चकडे जाणारा नाही, स्टेशनकडे जाणारा आहे. ही बेकरी नव्हे, बेकरी पुढे तीन घरं सोडून. त्या गावातच जन्मलेल्या आणि आता कॅनडात असलेल्या एका गृहस्थाशी तर त्यांचं तीन महिने वाजलं होतं. पत्राची लाल पेटी कसायाच्या दुकानाच्या डावीकडे की उजवीकडे, हा वाद. अखेर कुणीतरी एक जुना फोटो टाकला आणि पेटी काकांच्या बाजूला निघाली. त्या दिवशी काकांनी आमच्याकडे पेढे पाठवले. मला वाटलं सुनेला प्रमोशन मिळालं.

त्यांच्या घरी गणपतीला गेलं की आधी गणपतीचं दर्शन, मग कॉम्प्युटरवर चर्चचं दर्शन आणि त्यानंतर प्रसाद, हा क्रम ठरलेला. फोटोंना डावलून थेट प्रसादाकडे गेलेला माणूस त्यांच्या नजरेतून कायमचा उतरे. रेडमंडचे रस्तेही ते त्याच हिशेबानं सांगत. "लायब्ररी दिसते ना, तिथं आपला कसाई समज. तिथून डावीकडे वळली की झालं." इथल्या हिवाळ्यात चार-चार महिने पाऊस पिरपिरतो, आम्ही सगळे वैतागलेलो असतो, काका मात्र खिडकीशी उभं राहून तुच्छतेनं म्हणत, "हा काय पाऊस! पाऊस आमच्या गावचा." एकदा त्यांची नात वैतागून म्हणाली, "आजोबा, you lived there for like, one year!" काका ताडकन म्हणाले, "अठरा महिने!" आणि पुन्हा एका बोटानं टाइप करू लागले.

आता डिशबद्दल. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, इनॅमलची एक पांढरी, निळ्या काठाची, एका कोपऱ्यात टवका उडालेली डिश होती. नागपूरहून निघताना काकांनी ती धोतरात गुंडाळून आणलेली. एकदा पार्टीसाठी भांडी कमी पडली म्हणून सुनेनं तिच्यात ढोकळा लावला, तर काकांनी अख्खी पार्टी थांबवली. "ती आपली नाही! लोकाची आहे!" पाहुण्यांदेखत ढोकळा दुसऱ्या ताटात गेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चहाला गेले आणि विचारलं, काका, कुणाची डिश?

गावातल्या ज्या बाईंकडे काका भाड्यानं राहत, त्या बाईंची. दर रविवारी त्या ॲपल पाय करून त्याच डिशमधून काकांना खोलीवर देत. पहिल्या रविवारी डिश परत करायची वेळ आली आणि काका अडले. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईनं अंगात मुरवलेलं. भरायला खोलीत होती फक्त साखर. त्यांनी घासूनपुसून डिशमध्ये चमचाभर साखर घातली आणि दिली. बाईंना वाटलं, भारतात भांडी साखरेनं घासतात. काकांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रीत समजावून सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांची सात वर्षांची मुलगी जिन्यावरून धावत खाली आली. पुढे दर रविवारी पाय वर जाई, साखर खाली येई.

"मग डिश इथे कशी?"

"निघालो त्या दिवशी बाईंनी गाडीत खायला पाय दिला ना त्याच डिशमधून. आता रिकामी कशी परत करू? म्हटलं, नागपूरला पोचलो की आईच्या हातचा चिवडा भरून पाठवतो."

पण नागपूरला पोचले तर आई आजारी. मग आई गेली. मग लग्न, मग गिरणीतली पाळी, मग मुलगा. वर्ष उलटल्यावर नुसता चिवडा काय पाठवायचा, असं वाटायला लागलं. काहीतरी बरं पाठवू. पाच वर्षांनी ते 'काहीतरी बरं'सुद्धा पुरेना. दहा वर्षांनी तर काकांना काही सुचेचना. आणि डिशशिवाय नुसतं पत्र कुठल्या तोंडानं लिहायचं, म्हणून पत्रही नाही. इतका हुशार माणूस, पण इथे पार अडकला होता. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही त्या साइटवर..."

"तर काय! लेटरबॉक्सवर भांडायला बसतो मी? त्या घरचं कोणी ना कोणी येईलच ना तिथं. सापडेल. सापडल्याशिवाय राहते का!"

आणि सापडलं. दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी शेजारणीचा फोन आला. "ये गं जरा. बाबा सकाळपासून जेवले नाहीत. कॉम्प्युटर पण बंद करून ठेवलाय." कॉम्प्युटर बंद म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी गेले तर काका खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. टेबलावर एक कागद छापून ठेवलेला. काकांच्याच गल्लीचा फोटो, आणि खाली बाईंच्या त्या मुलीनं लिहिलेली आठवण. आई आता नाही, मी मात्र अजून त्याच घरात राहते, असं तिनं लिहिलं होतं. आईकडे भाडेकरू असत, त्यांत एक भारतीय होता. स्वच्छ, सुस्वभावी, घरातल्या सगळ्यांचा लाडका. आईची सगळ्यात चांगली डिश मात्र तो घेऊन गेला.

"अहो काका, चेष्टेत लिहिलंय तिनं," मी म्हटलं.

"चेष्टा काय? खरंच आहे ते." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "चाळीस वर्षं गावात माझं नाव डिश नेणारा म्हणून चालून राहिलं, आणि मी इथं बसून लोकांच्या चुका काढून राहिलो. बाई गेल्या, आणि मी चिवडा की आणखी काही, तेच ठरवत बसलो."

तेवढ्यात सून दारातून म्हणाली, "बाबा, मुलगी आहे ना अजून. काय भरायचं ते सांगा, मी करते." काका उठले. म्हणाले, "तू नाही. मी करतो."

ज्या माणसानं आयुष्यात गॅस पेटवला नव्हता, त्यानं त्या शनिवारी बेसनाचे लाडू केले. पहिलं बेसन करपलं, दुसरं कच्चं राहिलं, तिसऱ्या वेळी मी आणि शेजारीण दोघी हात मागे बांधून उभ्या राहिलो, कारण हात लावायची परवानगी नव्हती. लाडू वळले तेही लहानमोठे, शाळेच्या रांगेत उभे केल्यासारखे. काकांनी त्यातले बरे अकरा निवडले. पोस्टात आत काय आहे ते फॉर्मवर लिहायचं होतं. काकांनी नेहमीच्या ठाम अक्षरात लिहिलं, एक डिश, माझी नाही. अकरा लाडू, माझे. खिडकीतल्या बाईनं दोनदा वाचलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

पुढचे दोन महिने काका साइटवर गेलेच नाहीत. दुपारी टपाल यायच्या वेळी रेनकोट घालून दाराबाहेर उभे राहत, आणि कुणी विचारलंच तर हवा खातोय म्हणत. जानेवारीत खोकं आलं. मला बोलावणं आलं म्हणून मी मीटिंग सोडून गेले. काकांनी खोकं उघडलं, तर आत तीच डिश. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. लाडू पोचले नाहीत, की तिला नको होते? मग त्यांनी डिशमधली कागदी पुडी उघडली. साखर होती.

पुडीखाली पत्र होतं, आणि एक फोटो. पत्र मीच वाचून दाखवलं. लाडू शेजारपाजारच्यांना वाटून संपले होते. आई शेवटपर्यंत कुणाचंही भांडं परत करताना त्यात चमचाभर साखर घालायची. तिचं बघून मुलगी घालायला लागली, मग शेजारचे, आणि आता अख्खी गल्ली घालते. का घालतात, ते नव्या पिढीतल्या कुणाला माहीत नाही. डिश तुमच्याकडेच असू द्या, असं तिनं शेवटी लिहिलं होतं. फोटोत दारात उभ्या असलेल्या बाई होत्या, आणि शेजारी मापापेक्षा दोन नंबर मोठा कोट घातलेला एक काटकुळा नागपूरकर, हातात डिश घेऊन.

काकांनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला. मग मुलाकडून साइटवर टाकून घेतला. खाली आठवण लिहायला बसले आणि तासाभरानं फक्त घर नंबर, बाईंचं नाव आणि 'निळं दार' एवढंच लिहून उठले. कॅनडातल्या त्या गृहस्थानं त्याखाली लिहिलं की दाराचा रंग हिरवा होता, निळा नव्हे. काकांनी उत्तरच दिलं नाही.

दोन हजार सातच्या वसंतात काका नागपूरला कायमचे परत गेले. निघायच्या सकाळी आमच्या दारात आले, हातात ती डिश, चिवड्यानं शिगोशीग भरलेली. "घे पुणेकर. आणि हे पाहा, परत आणून दे. रिकामी आणू नको." मी हसत हो म्हटलं. चिवडा आठवड्यात संपला.

त्या दिवाळीला नागपूरला जायचं ठरत होतं, पण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आलं. मग व्हिसाच्या स्टॅम्पिंगची भीती, आत्ता अमेरिकेबाहेर पडलं आणि परत येताना अडकलं तर? मग म्हटलं, इतक्या दिवसांनी जायचं तर साधं काही कसं न्यायचं, काहीतरी बरं नेऊ. डिश आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. तिच्यात कुणाला काही ठेवू देत नाही.

परवा काकांची मेल आली. आता नीट दिसत नाही, भाचा टाइप करतो, असं वर लिहिलं होतं. खाली दोनच ओळी. 'रेडमंडच्या आठवणी. शेजारी पुण्याची एक मुलगी होती. स्वच्छ, सुस्वभावी, घरातल्या सगळ्यांची लाडकी. माझी डिश मात्र तिच्याकडेच राहिली.'

मी ऑफिसात मोठ्यानं हसले, आणि मग मला खाली पार्किंगमध्ये जाऊन बसावं लागलं. तिकीट काढलंय, पुढच्या शुक्रवारचं. काय न्यावं ते अजून सुचलेलं नाही. नाहीच सुचलं, तर घरात साखर आहे.