आधी माझं मागणं

गेल्या मे महिन्यात बायकोच्या मानेला गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कुणाला काही सांगायचं नाही, हे मीच ठरवलं.

गास गावातल्या आमच्या आळीत मेभर रोज संध्याकाळी क्रुसापाशी प्रार्थना असते. ती चालवायचं काम कैक वर्षं माझ्याकडे. सुरुवातीला 'आजचा हेतू', म्हणजे आज कशासाठी मागायचं, ते मोठ्यानं सांगतात. माझे हेतू भारदस्त असत: जगात शांती, अनाथ मुलं, तुरुंगातले कैदी. कुणी स्वतःच्या गुडघेदुखीसाठी मागा म्हणालं की मला मनातून हसू यायचं. शहाणपणा फार होता माझ्याकडे.

रिपोर्टच्या आदल्या संध्याकाळी निघताना तिनं विचारलं, "आज माझ्यासाठी मागाल ना?"

मी चपला घालत म्हणालो, "देवाची इच्छा असेल तसं होईल."

ती उंबऱ्यातच थांबली. पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी. चिडली की माहेरची बोली बाहेर येते. "येशूनं असं केलं का? क्रुसावर जायच्या आदल्या राती त्या बागेत तो आधी घाबरला. हा दुःखाचा प्याला नको म्हनाला. सोबत्यांना म्हनाला, माज्यासंगं जागे ऱ्हावा. बापाची इच्छा नंतर आली. आधी माजं मागनं मागा, मग त्याची इच्छा!"

धर्मशिक्षणाच्या वर्गात हीच गोष्ट मी दरवर्षी शिकवायचो आणि मुलांकडून फक्त शेवटचं वाक्य, 'तुझी इच्छा पूर्ण होवो', पाठ करून घ्यायचो.

क्रुसासमोर उभं राहून मी सुरुवात केली, "जगातल्या सर्व आजारी माणसांसाठी..." पुढचं येईना. समोर ती मानेवर ओढणी घट्ट धरून उभी होती. मग म्हणालो, "माझी बायको आजारी आहे. उद्या रिपोर्ट येणार. मला फार भीती वाटते. ती बरी व्हावी, एवढंच मागा." आणि भर आळीत मला रडू फुटलं.

मग कुणीतरी 'आमच्या स्वर्गातील बापा' सुरू केलं आणि सगळ्या आळीनं ते उचललं. माझी वाट कुणी पाहिली नाही. शेजारच्या म्हाताऱ्या मावशी बायकोजवळ सरकल्या आणि शेवटपर्यंत तिचा हात धरून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ निघाली, आम्ही सुटलो. पण माझ्या छातीवरचं ओझं आदल्या संध्याकाळीच उतरलं होतं. त्याच संध्याकाळी क्रुसापासून घरी येताना ती हळूच म्हणाली होती, "आता म्हना, त्याची इच्छा."

मी म्हणालो. इतकी वर्षं ते वाक्य मी भीती झाकायला वापरत होतो. त्या संध्याकाळी भीती सांगून झाली होती, म्हणून ते खरंखुरं म्हणता आलं.